सॅक हाताशी नसेल तेव्हा: खिशात मावणारी आणीबाणीची डबी घरी कशी बनवायची?

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून सह्याद्रीकडे निघालेल्यांच्या पाठीवरच्या सॅक बघाव्यात. टॉर्च, रेनकोट, पॉवर बँक, बिस्किटांचे पुडे, दोन लिटर पाणी, कधी कधी तर तंबूसुद्धा. म्हणजे सामान असतं. पण माणूस वाट चुकतो तेव्हा ही सॅक त्याच्या पाठीवर असेलच असं नाही. ती गुहेत ठेवून तो टाक्यावरून पाणी आणायला गेलेला असतो, पहाटे झाडीत गेलेला असतो, ‘आलोच दोन मिनिटांत’ म्हणून कड्यावर फोटो काढायला गेलेला असतो. तेवढ्यात धुकं उतरतं आणि दहा हातांवरची गुहासुद्धा दिसेनाशी होते. अशा वेळी त्याच्याकडे असतं फक्त अंगावरच्या कपड्यांच्या खिशात जे काही असेल ते.

त्या खिशासाठी जी छोटी डबी तयार करतात तिला जगभरचे भटके ‘पॉकेट सर्व्हायव्हल किट’ म्हणतात. बाजारात आणि ऑनलाइन ती तयारही मिळते. पण अशा बऱ्याच तयार किटमध्ये बटणाएवढं होकायंत्र, तारेची करवत आणि माशांचे गळ असतात, आणि सह्याद्रीत रात्र काढायची वेळ आलेल्या माणसाला यातल्या कशाचाच फारसा उपयोग नसतो. त्यापेक्षा चांगली डबी गल्लीतलं मेडिकल, हार्डवेअरचं दुकान आणि स्वयंपाकघरातली मांडणी यांतून उभी राहते.

सिगारेटचा डबा आणि तंबाखूचा डबा

ही कल्पना रूढ झाली ती दुसऱ्या महायुद्धात. डिसेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने ‘एमआय ९’ नावाचा गुप्त विभाग सुरू केला. शत्रूच्या प्रदेशात अडकलेल्या आणि कैद झालेल्या सैनिकांना निसटून परत येता यावं, ही त्याची जबाबदारी. विमान पडलं आणि वैमानिक पॅराशूटने जिवंत उतरला, तर त्याच्या अंगावर काय असावं, हा प्रश्न या विभागातल्या ख्रिस्तोफर क्लेटन हटन या खटपट्या माणसाकडे आला. त्याने पन्नास सिगारेटींचा चपटा पत्र्याचा डबा निवडला, कारण तो गणवेशाच्या खिशात बसत होता. त्यात माल्टेड दुधाच्या गोळ्या, काड्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आणि पाणी भरायला रबरी पिशवी असं सामान ठासून भरलं. पुढे पत्र्याऐवजी प्लास्टिकचे डबे आले.

युद्धानंतर ही कल्पना सामान्य भटक्यांपर्यंत पोचवण्यात मोठा वाटा आहे जॉन ‘लॉफ्टी’ वाइजमन यांचा. ब्रिटनच्या ‘एसएएस’ या विशेष सैन्यदलात २६ वर्षं काढलेल्या या गृहस्थांनी १९८६ मध्ये ‘द एसएएस सर्व्हायव्हल हँडबुक’ लिहिलं. त्यात तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात मावणारं किट आहे. काड्या, मेणबत्ती, चकमक, भिंग, सुईदोरा, गळ आणि दोरी, होकायंत्र, फासे लावायची तार, लवचीक करवत, थोडी औषधं, आणि पाणी भरायला चक्क एक कंडोम. झाकणाची आतली बाजू घासून आरशासारखी चकचकीत करावी, रिकाम्या जागेत कापूस कोंबावा आणि कडेला चिकटपट्टी लावून डबा बंद करावा, असा त्यांचा सल्ला. कापसामुळे डबा खुळखुळत नाही, दमट हवा आत शिरली तरी तो ओल शोषतो आणि वेळ आली तर पेटवायलाही कामाला येतो. आज अनेक देशांतले लोक पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत जे किट बनवतात ते बहुतेक याच यादीचं नातवंड असतं.

तसं पाहिलं तर आपल्याकडे खिशात, नव्हे कमरेला, असं सामान बाळगण्याची सवय जुनीच आहे. काडेपेटी घरोघरी पोचण्याआधी चंचीत किंवा बटव्यात पान-तंबाखूच्या जोडीने चकमकीचा दगड, पोलादाचा तुकडा आणि कापूस असायचा. सह्याद्रीच्या कातळात ठिकठिकाणी गारगोट्या सापडतात, त्यामुळे दगडाची कधी वाण पडली नाही.

ती यादी इथे का चालत नाही

वाइजमन यांची यादी लिहिली गेली ती सैनिकासाठी. त्याला कदाचित कित्येक दिवस शोधायला कुणी येणार नसतं, कदाचित कुणाला सापडायचंच नसतं. सह्याद्रीत चुकलेल्या माणसाची गोष्ट बरोबर उलटी आहे. त्याला लवकरात लवकर सापडायचं असतं. गाव सहसा काही तासांच्या अंतरावर असतं, सोबती वर कुठेतरी हाका मारत असतात, आणि प्रश्न असतो एका किंवा फार तर दोन रात्रींचा. एवढ्या वेळात माणूस भुकेने मरत नाही. त्यामुळे गळ आणि दोरी बाद. फास्याची तार तर नकोच, कारण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ती जवळ बाळगताना सापडलात तर शिकारीचा संशय येऊ शकतो आणि खुलासा करता करता नाकी नऊ येतील.

इथे जीव धोक्यात येतो तो वेगळ्या कारणांनी. अंधारात पुढे चालत राहून घसरल्यामुळे. पावसाने चिंब भिजून वर वारा लागल्यामुळे. मार्च ते मे दरम्यान अंगातलं पाणी संपल्यामुळे. आणि सापडायला उशीर झाल्यामुळे. यातली थंडीची गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही, कारण जुलैत तापमान वीस-बावीस अंशांच्या आसपास असतं. पण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून नेतं. ओला सुती टी-शर्ट, कड्यावरचा भन्नाट वारा, पोटात काही नाही आणि हालचाल थांबलेली, अशा अवस्थेत शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जायला बर्फ पडावा लागत नाही. मग हुडहुडी भरते, बोलणं अडखळू लागतं आणि माणूस भलतेच निर्णय घेऊ लागतो.

म्हणून डबीकडून पाच कामांची अपेक्षा ठेवावी: आवाज, उजेड, ऊब, पाणी आणि किरकोळ दुरुस्ती. ही दुरुस्ती माणसाचीही आणि बुटाचीही.

आधी डबी, मग सामान

बहुतेक जण उलटं करतात. यादी करतात, सामान जमवतात आणि मग ते मावेल असा डबा शोधतात. अर्थात तो डबा खिशात मावत नाही, सॅकच्या वरच्या कप्प्यात जातो आणि ज्या प्रसंगासाठी तो बनवला त्याच प्रसंगी जवळ नसतो. म्हणून आधी ट्रेकची पँट घालावी, खिसा चाचपावा, त्यात डबी घालून उकिडवं बसून पाहावं. टोचली तर ती डबी चुकीची. भरल्यावर तिचं वजन पाव किलोच्या आत राहायला हवं. त्याहून जड वस्तू माणूस दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेकला घरी ठेवतो.

परदेशी किटमधली पेपरमिंटची डबी साधारण साडेनऊ सेंटिमीटर लांब, सहा रुंद आणि दोन सेंटिमीटर उंच असते. ती आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि मिळाली तरी तिच्यासाठी जीव टाकावा असं काही नाही. बिजागरीचं झाकण पावसाला दाद देत नाही आणि पत्रा एका पावसाळ्यात गंजतो.

शाळेची पत्र्याची कंपासपेटी घरात पडलेली असते. ती मजबूत आहे, पण लांब. मांडीवरच्या मोठ्या खिशात बसते, साध्या खिशात नाही. पाणी तिच्यातही शिरतं. प्रवासात नेतात ती प्लास्टिकची साबणदाणी आकाराला अगदी बरोबर आणि ओल्या, गारठलेल्या बोटांनीही उघडते. फक्त तळाला पाणी निथळायची भोकं नाहीत ना, ते उलटी करून बघून घ्यावं.

या सगळ्यांत उजवा ठरतो तो भांड्यांच्या दुकानात मिळणारा, चारही बाजूंनी खटके असलेला आणि झाकणात रबरी कडं असलेला छोटा प्लास्टिकचा डबा. चटणी किंवा लोणचं न्यायला घेतात तो. दीडशे-दोनशे मिलिलिटरचा चपटा आकार शोधावा, गोल घेऊ नये. गोल डबा खिशात फुगतो आणि कड्या उतरताना मांडीला बोचतो. त्यात पाणी उकळता येत नाही हे खरं. पण धो धो पावसात ओली लाकडं पेटवून वाटीभर पाणी उकळायची कसरत करण्यापेक्षा पाण्याची गोळी बरी.

डबा घट्ट आहे की नाही याची परीक्षा सोपी. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवायचा, खटके लावायचे आणि वर दगड ठेवून डबा अर्धा तास बादलीत बुडवायचा. कागद कोरडा निघाला तर डबा पास. ‘वॉटरप्रूफ’ असं छापलेले अनेक डबे इथे नापास होतात.

मोठ्या डबीत छोट्या डब्या लागतात, आणि खरी मौज तिथे आहे. एकेकाळी फोटो स्टुडिओत कॅमेऱ्याच्या रोळाच्या काळ्या डब्या मागितल्या की मूठभर मिळायच्या. घट्ट झाकणाच्या त्या डब्यांएवढी सोयीची वस्तू दुसरी नव्हती. आता रोळच गेले. त्यांची जागा पाण्यात फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या नळ्यांनी घेतली आहे. या नळीच्या झाकणात ओल शोषणारे दाणे असतात, त्यामुळे काड्या ठेवायला ती उत्तम. मात्र नळी लांब असते, म्हणून ती डबीबाहेर दुसऱ्या खिशात. पानपट्टीवर मिळणारी तंबाखू-चुन्याची दोन झाकणांची डबी हाही एक भारी पर्याय आहे. एका बाजूला चार गोळ्या, दुसऱ्या बाजूला कापूर. चुन्याची बाजू मात्र गरम पाण्याने दोन-तीनदा घासून घ्यावी, आणि खायच्या गोळ्या तिच्यात ठेवू नयेत. पुण्याची बोहरी आळी किंवा मुंबईची अब्दुल रहमान स्ट्रीट अशा ठिकाणी एक तास हिंडलं तर डब्यांचे इतके प्रकार दिसतात की यादी विसरायला होतं.

आवाज आणि उजेड

यादीत पहिली वस्तू शिट्टी, आणि ती डबीत ठेवायची नाही. गळ्यात किंवा पँटच्या पट्ट्याला अडकवायची. माणूस कड्याखाली पडला, हात अडकला, तर डबी काढून झाकण उघडायला कोण जाणार? ओरडून घसा तासाभरात बसतो. शिट्टी श्वास चालू आहे तोवर वाजते आणि धुक्यात जिथे टॉर्चचा झोत पाच-दहा पावलांत विरतो तिथेही ऐकू जाते.

खेळाच्या दुकानात शिट्टी घेताना ती हलवून पाहावी. आत गोळी खुळखुळली तर ती परत द्यावी. ओल किंवा माती गेली की गोळी अडकते आणि शिट्टी मुकी होते. बिनगोळीची शिट्टी घ्यावी. कॅनडातले बास्केटबॉलचे पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनी अशाच अडकणाऱ्या शिट्टीला वैतागून बिनगोळीची शिट्टी बनवून घेतली आणि १९८७ मध्ये ती ‘फॉक्स ४०’ नावाने बाजारात आली. आता तशा धाटणीच्या स्वस्त शिट्ट्या सगळीकडे मिळतात. आल्प्समध्ये आणि ब्रिटनमध्ये रूढ असलेला संकेत असा: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर देणारा मिनिटाला तीन वाजवतो. मधली शांतता महत्त्वाची, कारण तेवढ्यातच उत्तर ऐकू येणार असतं.

उजेडासाठी मोबाइल आहेच, असं वाटतं. पण मोबाइलची बॅटरी बोलण्यासाठी आणि जीपीएससाठी राखायला हवी. नेटवर्क नसतानाही फोनचं जीपीएस चालतं आणि नेटवर्कचा एखादा दांडा दिसला की ११२ वर आपलं ठिकाण सांगता येतं. फोन टॉर्च म्हणून जाळला तर मध्यरात्रीपर्यंत हे सगळं बंद. किल्लीच्या जुडग्याला लावायचा बोटभर एलईडी टॉर्च डबीत सहज मावतो. तो चुकून चालू राहू नये म्हणून बॅटरी आणि पट्टीच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा सरकवून ठेवावा. त्यातली नाण्यासारखी बॅटरी लहान मुलांनी गिळली तर जिवावर बेतू शकतं, तेव्हा घरी डबी उंचावर.

टॉर्च असला म्हणून रात्री चालत सुटायचं नाही. त्याचा उपयोग बसायला सुरक्षित जागा शोधण्यापुरता आणि शोधणाऱ्यांना दिसण्यापुरता. बटणासारखं होकायंत्र मात्र खुशाल वगळावं. नकाशाशिवाय ते फारसं काही सांगत नाही, पत्र्याच्या डबीजवळ सुई भरकटते, आणि आपल्या काळ्या कातळातही लोहचुंबकी खनिज असतं.

ऊब: आग नव्हे, आडोसा

परदेशी किटमध्ये निम्मी जागा आग पेटवायच्या साहित्याला दिलेली असते. इथे तेवढी देऊ नये. पावसाळ्यात जंगल इतकं ओलं असतं की सरावलेल्या माणसालाही जाळ धरत नाही. आणि डिसेंबरनंतर गवत इतकं वाळतं की एका ठिणगीने डोंगर पेटतो. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन कायदा, १९२७ नुसार गुन्हा आहे. शिवाय अनेक किल्ल्यांच्या कड्यांना आग्यामोहोळं लटकलेली असतात, आणि धूर लागून ती उठली तर थंडी परवडली म्हणायची वेळ येते.

ऊब टिकवायला हवा तो आडोसा. पहिला पर्याय चंदेरी ‘इमर्जन्सी ब्लँकेट’. ‘नासा’ने १९६४ मध्ये अवकाशातल्या उपकरणांसाठी विकसित केलेल्या, प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर दिलेल्या पदार्थापासून ते बनतं. वजन पन्नास-साठ ग्रॅम, घडी सिगारेटच्या पाकिटाएवढी. ते शरीरातून बाहेर पडणारी उष्णता परत फेकतं आणि वारा अडवतं. पण ते गादी नाही. गार कातळावर बसलात तर उष्णता खालून निघून जाते, म्हणून बुडाखाली पाला किंवा वाळकं गवत हवंच. शिवाय वाऱ्यात ते फडफडतं आणि काट्याला लागलं की टरकन फाटतं.

त्यापेक्षा दणकट आणि स्वस्त पर्याय म्हणजे कचऱ्याची सर्वांत मोठी, जाड पिशवी. तळाच्या एका कोपऱ्याजवळ तोंड बाहेर येईल एवढं भोक आधीच कापून ठेवायचं. पिशवी डोक्यावरून घ्यायची, चेहरा भोकातून बाहेर, गुडघे पोटाशी. चेहरा आत राहू द्यायचा नाही, गुदमरायला होईल. भाताच्या लावणीला बायका डोक्यावरून घेतात ती प्लास्टिकची खोळ याच तत्त्वावर चालते. पूर्वी तिथे इरलं असायचं. लावणीच्या दिवसांत मावळातल्या बाजारपेठांत खोळीचा प्लास्टिकचा कागद मीटरवर मिळतो. दोन मीटर तुकडा घेतला तर कचऱ्याच्या पिशवीपेक्षाही तो जास्त टिकतो.

तरीही आगीचं थोडं साहित्य ठेवायचं असेल तर एक छोटा लायटर आणि चार वड्या कापूर पुरे. ओल्या काड्यांखाली कापूर जसा नेटाने जळत राहतो तसं दुसरं काही घरात सापडत नाही. पण कापूर हवेत उडून जातो. साध्या कागदाच्या पुडीत ठेवला तर सहा महिन्यांनी पुडी रिकामी. तो घट्ट झाकणाच्या डबीतच हवा, आणि गोळ्या-औषधांपासून लांब. सायकलच्या दुकानात जुन्या ट्यूबचे तुकडे फुकट मिळतात, तेही ओल्यात जळतात. नुसत्या काड्या न्यायच्या असतील तर काडेपेटीची घासायची पट्टी कापून सोबत घ्यायला विसरू नये. आपल्याकडच्या सुरक्षित काड्या दगडावर घासून पेटत नाहीत.

पाणी

पाणी भरायला कंडोमपेक्षा सोपी वस्तू रोज सकाळी दारात येते. दुधाची पिशवी. बाजारातल्या कॅरीबॅगपेक्षा तिचं प्लास्टिक जाड असतं. कोपरा अगदी छोटा कापावा, पिशवी साबणाने धुऊन, उलटी टांगून पूर्ण वाळवावी, नाहीतर महिन्याभराने डबीला जो वास येतो तो विचारू नका. अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्यांची घडी रुमालाच्या घडीहून लहान होते. बाहेरून परमनंट मार्करने २०० मिलिलिटरची खूण करून ठेवावी. तिचं कारण पुढे.

किल्ल्यावरच्या टाक्याचं किंवा ओढ्याचं पाणी शुद्ध करायला मेडिकलमध्ये क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरसारखे थेंब मिळतात. गोळी घेताना पाकिटावर वाचावं की ती किती पाण्यासाठी आहे. काही एका लिटरसाठी असतात, काही वीस लिटरसाठी. वीस लिटरची गोळी अर्ध्या लिटरच्या पिशवीत टाकता येत नाही. पाणी गढूळ असेल तर आधी रुमालाच्या चार पदरांतून गाळावं, मग औषध, मग निदान अर्धा तास थांबावं. जुन्या याद्यांमध्ये पोटॅशियम परमँगनेट असतं. विहिरीत टाकलेलं ते जांभळं औषध अनेकांनी पाहिलेलं असतं, पण पिण्याच्या पाण्यातले जंतू मारायला ते भरवशाचं नाही.

उन्हाळ्यात नुसतं पाणी पुरत नाही, घामातून गेलेलं मीठही भरून काढावं लागतं. त्यासाठी ओआरएस. मेडिकलवाला बहुधा एक लिटरचं, सुमारे २१ ग्रॅमचं पाकीट पुढे करतो. डबीसाठी मागायचं ते २०० मिलिलिटरचं, सुमारे चार ग्रॅमचं छोटं पाकीट. दुधाच्या पिशवीवरची खूण इथे कामाला येते. पाणी कमी आणि पावडर जास्त झाली तर ते औषध उलटू शकतं. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते पाहावं. ओआरएसच्या शेजारी मांडलेली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

दुरुस्ती: जखमेची आणि बुटाची

औषधांत फार शिरू नये. चार-पाच चिकटपट्ट्या, गॉजची एक घडी, जंतुनाशक मलमाची सर्वांत लहान ट्यूब, तापाच्या आणि ॲलर्जीच्या दोन-दोन गोळ्या, आणि कुणाला रोजचं औषध चालू असेल तर त्याचे दोन दिवसांचे डोस. कोणती गोळी आपल्याला चालते ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावं. गोळ्यांची पट्टी कापताना एक चूक हमखास होते. नाव आणि मुदतीची तारीख पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते आणि ते टोक घरी राहतं. तेच टोक कापून न्यावं.

ब्लेड ठेवायचं ते दोरी आणि पट्टी कापायला. साप चावल्यावर जखम कापून रक्त काढायला नव्हे. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला भाग हलवू न देता १०८ ला फोन करून माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात पोचवायचं. घोणस, फुरसं, नाग, मण्यार या चारही विषारी सापांवरचं औषध तिथेच मिळतं, डबीत नाही.

बुटाचा विषय क्षुल्लक वाटतो, पण भर उतारावर तळ सुटलेला बूट म्हणजे पाय मुरगळण्याची पूर्ण तयारी. वर्षभर कपाटात ठेवलेल्या बुटांचं हे हमखास होतं. फोमसारखा मऊ तळ दमट हवेने आतून कुजतो आणि दिसायला नवा असलेला बूट पहिल्याच चढणीला तोंड वासतो. इलाजासाठी हार्डवेअरच्या दुकानातल्या चार लांब केबल टाय आणि तीन मीटर बारीक नायलॉनची दोरी पुरे. शिवाय डक्ट टेप. तिचा आख्खा रोल न नेता दोन हात टेप जुन्या एटीएम कार्डाभोवती गुंडाळावी, ती चपटी बसते. दोन-तीन मोठ्या सेफ्टी पिना आणि मोच्याकडचा मेणाचा दोरा ओवलेली एक जाड सुई टाकली की हा भाग संपला.

एक कागद

शेवटची वस्तू वजनाला काहीच नाही. चार बोटांचा कागद. त्यावर पेन्सिलीने आपलं नाव, रक्तगट, चालू औषधं, घरच्या दोघांचे फोन नंबर, ११२, १०८ आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरच्या हेल्पलाइनचा नंबर. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही, पेन्सिल चालते, म्हणून बोटभर पेन्सिलही. फोन बंद पडल्यावर घरचा नंबर पाठ असलेली माणसं आता फार उरली नाहीत.

हाच कागद शहरातही लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा लोकल थांबल्या, फोन लागेनात आणि हजारो मुंबईकर छातीभर पाण्यातून रात्रभर चालत घरी गेले. रोज लोकलने जाणाऱ्याच्या बॅगेत नव्हे, तर खिशात शिट्टी, बोटभर टॉर्च, कागद आणि झिप लॉकची एक पिशवी असली तर बिघडत नाही. पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात शिरण्याआधी तिच्यावर पट्टी हवी, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शरीरात शिरू शकतात.

भरताना आणि भरल्यावर

आधी लागणारी वस्तू वर. म्हणजे टॉर्च सर्वांत वर, सुईदोरा तळाला. पोकळ जागेत कापूस. झाकणाच्या आत सामानाची छोटी यादी आणि प्रत्येक औषधाच्या मुदतीचा महिना-साल. ब्लँकेट किंवा मोठी पिशवी डबीत मावणार नाही, ती घडी करून मागच्या खिशात. विमानाने जायचं असेल तर लायटर आणि ब्लेड काढून घरी ठेवावं, नाहीतर सुरक्षा तपासणीत ते जातंच आणि त्या नादात कधी कधी अख्खी डबी मागे राहते.

मग एखाद्या रविवारी संध्याकाळी पाऊस पडत असताना गच्चीवर जावं. दिवा बंद, हात ओले. डबी उघडून टॉर्च लावावा, ओआरएसचं पाकीट फाडून पाहावं, दुधाच्या पिशवीत पाणी भरून गाठ मारावी. ओल्या बोटांनी गुळगुळीत पाकीट फाटत नाही हे तिथे कळतं, आणि मग माणूस त्याच्या कडेला आधीच एक बारीक चीर देऊन वर चिकटपट्टी लावून ठेवतो. खटके कडक असतील तर तेही तिथेच कळतं.

वर्षातून दोनदा डबी रिकामी करावी, जूनच्या सुरुवातीला आणि दिवाळीच्या आसपास. कापूर उडालाय का, टॉर्चची बॅटरी चालतेय का, ब्लेडला गंज चढलाय का, गोळ्यांची मुदत उरलीय का, रबरी कडं भेगाळलंय का, एवढं पाहायचं. जूनमध्ये ओआरएसचं एक पाकीट काढून त्या जागी मोठी पिशवी, फेब्रुवारीत पिशवी काढून दोन पाकिटं जास्त.